गणूच्या डोक्यावरची पट्टी

डॉक्टर, तुम्ही जाऊन नऊ दिवस झाले आणि माझा तुमच्यावरचा राग अजून उतरलेला नाही. माणसं येतात, दवाखान्याच्या बंद दाराशी उभी राहतात, "देवमाणूस गेला" म्हणतात आणि मला बघून डोळे पुसतात. मीही पुसते. पण आतून मला तुम्हाला एकच विचारायचं असतं, की जायचंच होतं तर बबनचं काय ते सांगून का गेला नाहीत? माझा नातू आहे तो, पाच वर्षांचा, माझ्या राघूचा एकुलता एक. महिन्यापूर्वी मी त्याला तुमच्यापुढे उभा केला. तुम्ही त्याला फरशीच्या रेघेवरून चालवलंत, गुडघ्यावर हातोडी मारून पाहिलीत, डोळ्यांत बत्ती धरलीत आणि म्हणालात, "ठीक आहे, गोदाबाई. पुढच्या महिन्यात परत आणा."

ठीक आहे तर परत कशाला आणायचा? एवढंसुद्धा मला त्या दिवशी विचारता आलं नाही. एरवी माझी जीभ तुमच्यापुढे कधी अडली का? पण चौदा वर्षांपूर्वी माझ्या भावाच्या मुलाला, गणूला, पहिल्यांदा तपासलंत तेव्हाही तुम्ही हेच बोलला होतात. शब्दाला शब्द. तेव्हाही तुम्ही बोलताना खिडकीकडे बघत होतात.

आणि मग तुम्ही खोकत खोकत निघूनच गेलात. तुमच्या फुप्फुसांचा काही नेम नाही हे मला पंधरा वर्षं ठाऊक होतं, तरी मी धरून चालले होते की पुढचा महिना यायचा तो तुम्हाला घेऊनच येईल. आता तो आला आहे. मी बबनला घेऊन कुणाच्या दारात जाऊ, ते तरी सांगा.

राग राग म्हणते खरी, पण तुमच्यावाचून या गावात मला विचारलं कुणी असतं? मानमोडीच्या साथीत नवरा गेला, सासरच्यांनी हात वर केले, आणि मी राघूला माहेरी कुसगावला भावाकडे टाकून पुण्याला नर्सिंग शिकायला गेले. परत आले ती गावाच्या लेखी वाया गेलेली बाई. कुणी दारात उभं करीना. तुम्ही मुंबईचं मोठं इस्पितळ सोडून हवेसाठी लोणावळ्याला आलेले. लोक म्हणायचे, पुढच्या खोलीत खोकला-ताप बघतो आणि मागच्या खोलीत मेलेल्यांचे मेंदू बघतो, डोक्याने सरकलेला आहे. मी काम मागायला आले तर तुम्ही सर्टिफिकेट पाहिलंच नाही. मला मागच्या खोलीत नेलंत, एक बरणी पुढे ठेवलीत आणि विचारलंत, "भीती वाटते का?"

"मेलेल्यांची नाही वाटत," मी म्हटलं. तुम्ही हसलात आणि हसता हसता एवढा खोकला लागला की पहिलं काम म्हणून मला तुमचीच पाठ चोळावी लागली.

त्या खोलीने मला खूप दिलं, डॉक्टर. मराठी चौथी शिकलेली बाई मी. तुम्ही मला मायक्रोस्कोपला डोळा लावायला शिकवलंत, काचांवर रंग चढवायला शिकवलंत. ताजा मेंदू खरवसासारखा असतो, बोट लावलं की मोडतो, म्हणून त्याला खालून दोरा ओवून बरणीत उलटा टांगायचा, बुडाला टेकू द्यायचा नाही, हे शिकवलंत. तीन आठवड्यांनी तो घट्ट होतो, मग सुरी लागते. फॉर्मलीनच्या वासाने माझे डोळे गळायचे आणि शेजारच्या काकू म्हणायच्या, बिचारी अजून नवऱ्यासाठी रडते. मी त्यांना खरं कधी सांगितलं नाही. वेडा डॉक्टर आणि रडकी नर्स, त्यात रडकी बरी.

तुम्हाला सगळं वेड होतं ते लहान मुलांच्या मेंदूचं. घाटात विजेची गाडी सुरू झाली होती, तारा ओढल्या जात होत्या, आणि तुम्ही मला त्या तारांवरून समजावलंत. मूल जन्मतं तेव्हा तारा ओढलेल्या असतात, म्हणालात, पण त्यांच्यावरचं पांढरं वेष्टन पुरतं चढलेलं नसतं. ते हळूहळू चढत जातं, तसं मूल मान धरतं, बसतं, उभं राहतं, बोलायला लागतं. "आपण म्हणतो पोर चालायला लागलं. आत बघा किती काम झालेलं असतं." आणि काही थोड्या घरांत, लाखात एखाद्या, ते वेष्टन चढतं आणि पुन्हा गळायला लागतं. मूल जे शिकलं ते उलट्या क्रमाने विसरत जातं. हे सांगताना तुमचा आवाज खाली आला होता. मी नुसतं "अगं बाई" म्हटलं आणि काचा धुवायला लागले. लाखात एखादं घर, ते आपलं कशाला असेल?

गणू पाच वर्षांचा होईपर्यंत नुसता वारा होता. मग अडखळायला लागला. चवड्यांवर चालायचा. सदू, माझा भाऊ, म्हणायचा, "आक्का, पोरगं लय उड्या मारतंय, गुडघं फोडून घेतंय." मग त्याच्या हातातली भाकरी खाली पडायला लागली. मग बोलणं चिकट झालं. गावात कुणी म्हणालं बाहेरचं आहे, कुणी म्हणालं दृष्ट. मी बैलगाडीत घालून तुमच्याकडे आणलं. तुम्ही टेबलावर चिंचोके मांडून त्याला एकेक उचलायला लावलेत. मग पाय जुळवून, डोळे मिटून उभा केलात. तो झुलला आणि मी धरला. तेव्हा तुम्ही म्हणालात, ठीक आहे, पुढच्या महिन्यात परत आणा.

त्याच हिवाळ्यात आपण नवलाख उंबऱ्याला गेलो होतो, आठवतं? सदूची बायको, माझी वहिनी, तिथली. ती माझ्या मामाचीच मुलगी. तुम्हाला आमच्या दोन्ही घरांचं झाड काढायचं होतं, पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आणि ज्याला हा आजार झाला तो काळा भरायचा. तुम्ही ओसरीवर कागद पसरलात, पट्टी-पेन्सिल काढलीत, आणि मामाच्या घरातली सगळी माणसं गप्प. कागदावर चौकोन दिसल्यावर ते तुम्हाला मोजणीचे साहेब समजले. धरणात जमिनी गेलेला मुलूख तो, कुणाच्या घरात किती माणसं हेसुद्धा कुणी सांगेना. मोठे आबा तर म्हणाले, "सायेब, आमच्याकडं मान्सं लय कमी हाईत. जिमीन त्याहून कमी." मी हसू दाबत होते. तुम्ही घाम पुसत होतात.

मग तुम्ही कागद गुंडाळलात आणि गणूचं नाव काढलंत. तसे आबा उठून गोठ्यात गेले. एक म्हातारी मावशी तेवढी बसून राहिली. तिने आजूबाजूला बघितलं आणि हळूच म्हणाली, "व्हती की एक पोर. आबाच्या पाठची. चालता चालता बसली ती पुना उटली न्हाई. तिचं नाव कुनी घेत न्हाई हितं." आणि थोड्या वेळाने, "त्येच्या आदीबी एक पोरगा व्हता म्हन्त्यात." परतीच्या वाटेवर गाडीत तुम्ही एक गोल आणि एक चौकोन काळा भरलात. दोन्ही आमच्या आजोळच्या त्याच एका फांदीवर, जिच्यावरून माझी आई आली आणि जिच्यावरून वहिनी आली. मला तेव्हाच पुढचं दिसायला हवं होतं. मला दिसलंही असेल, मी मान वळवली.

सात वर्षांचा होऊन गणू गेला. शेवटचे दोन महिने तुमच्या दवाखान्यातच होता, दिसेनासं झालं होतं, आकड्या यायच्या. दुपारी गेला. सदू आणि वहिनी बाहेरच्या बाकावर बसलेली. तुम्ही मला आत बोलावलंत आणि म्हणालात, "गोदाबाई, भावाला विचारा. आत बघितल्याशिवाय मला काही कळणार नाही."

इथे मला खरं लिहायचं आहे. लोकांना वाटेल डॉक्टरच निर्दय होता. विचारा म्हणणारे तुम्ही होतात. मीच म्हटलं, विचारू नका. मी म्हटलं, विचारलंत तर नाही म्हणतील, पोराला तसंच उचलून नेतील, आणि उद्यापासून मावळातलं एक माणूस या दवाखान्याची पायरी चढणार नाही. ते खरं होतं. पण त्याच्या खाली दुसरं होतं. मला स्वतःला कळून हवं होतं. माझा राघू त्याच रक्ताचा होता, आणि सदूची मुलगी हिरा मी माझ्या राघूसाठी मागून ठेवली होती. तुम्ही बाह्या वर केल्यात. मी म्हटलं म्हणून तुम्हाला बरं वाटलं होतं, डॉक्टर. ते तोंडावर दिसत होतं. मी ते कधी बोलून दाखवलं नाही, आता दाखवते.

भांडं मी धरलं. टाके मी घातले, बारीक, केसांच्या आत. वर पांढऱ्या कापडाची पट्टी गुंडाळली आणि बाहेर येऊन सदूला सांगितलं, "औषधाची पट्टी आहे, सोडू नका." सदूने मान हलवली. लहान पोर म्हणून पुरायचंच होतं. वहिनीने कमरेची पुरचुंडी सोडून कंगवा काढला आणि म्हणाली, "वन्सं, एकडाव त्याचं डोकं इंचरू द्या." मी नाही म्हटलं. ती पुन्हा म्हणाली. मी पुन्हा नाही म्हटलं, आणि नर्सबाईच्या आवाजात म्हटलं, जो आवाज मी पेशंटांसाठी ठेवला होता. तिने कंगवा परत बांधून ठेवला. तुम्ही मागच्या खोलीत पाण्याचा नळ मोठा सोडला होतात. तुम्हाला ऐकू आलं की नाही, मला माहीत नाही.

तीन आठवड्यांनी आपण गणूचा मेंदू कापला. निरोगी मेंदू आत कसा पांढरा दिसतो ते मी तोवर शंभर वेळा पाहिलं होतं. हा करडा होता, चिवट, आतून आक्रसलेला. कडेकडेने पांढरी रेघ तेवढी उरली होती. रंग दिला तर जिथे निळंकाळं व्हायला हवं तिथे काच कोरीच राहिली. तुम्ही काचा विलायतेला तुमच्या जुन्या गुरूंकडे पाठवल्यात. आठ महिन्यांनी उत्तर आलं, तुम्ही ओळखलं होतं तेच. तुम्ही पत्र मला वाचून दाखवलंत, मराठी करून, आणि मग चष्मा काढून म्हणालात, "राघूला हिरा करू नका."

मी विचारलं, "माझ्यात आहे का ते?"

"असेल किंवा नसेल. एकाच बाजूने आलं तर माणूस धडधाकट जगतो आणि पुढे देतो. दोन्ही बाजूंनी आलं तरच असं होतं."

"मग माझं रक्त तपासा. राघूचं तपासा."

"रक्तात दिसत नाही, गोदाबाई. जिवंत माणसात ते कुठेच दिसत नाही. ज्याला झालं त्याच्याच मेंदूत दिसतं, आणि तोही उघडल्यावर."

यावर आपण पाच वर्षं भांडलो. रोज नाही, पण महिन्यातून एकदा तरी, काचा पुसता पुसता. तुम्ही पुण्यामुंबईचे, तुम्हाला वाटायचं लग्न नको म्हटलं की झालं. तुम्हाला मी दार अडवण्याची रीत सांगितली तेव्हा तुम्ही ती गमतीची म्हणून ऐकलीत. सदू नवरी घेऊन आला तेव्हा मी उंबऱ्यात आडवी उभी राहिले होते, वर्षाचा राघू कडेवर. नवऱ्या मुलाच्या बहिणीने दार अडवायचं आणि नव्या नवरीकडून कबूल करून घ्यायचं, तुला मुलगी झाली की माझ्या मुलाला द्यायची. सगळे हसतात. नवरी लाजून हो म्हणते, दार सुटतं. हसण्यावारी मागायचं, पण आमच्यात ते दगडावरची रेघ असतं. वहिनी व्हय म्हणाली होती. हिरा पाळण्यात होती तेव्हापासून गाव तिला राघूची म्हणायचं.

आता त्याच आत्याने उठून मुलगी नको म्हणायचं, तर कारण द्यायला हवं. डॉक्टर नको म्हणतात असं सांगावं, तर डॉक्टरांना कशावरून कळलं? गणूच्या मेंदूवरून. आणि गणूचा मेंदू डॉक्टरांकडे कसा? पुढचं मला बोलवत नव्हतं. नुसतंच मोडावं, तर हिराला बट्टा. आत्यानेच टाकली म्हटल्यावर तिला कोण करणार? मी ज्या गाठीत अडकले ती माझ्याच हातची होती. तीन वर्षांनी वहिनी गेली. जाताना माझा हात धरून म्हणाली, "हिरी तुमची." तिला मी काय सांगणार होते?

एकदा तुम्ही चिडून म्हणालात, "तुम्हाला जमत नसेल तर मी सांगतो सदूला." टांगा करून कुसगावला गेलात. मी दवाखान्यात एका जागी बसून होते. तुम्ही दोन तासांनी परत आलात, चहा पिऊन, सदूच्या खोकल्याला औषध देऊन. मी काही विचारायच्या आतच म्हणालात, "तो माझ्या पाया पडला हो. पोराचं शेवटपर्यंत केलंत म्हणाला." आणि आत जाऊन दार लावून घेतलंत. त्यानंतर तुम्ही मला पुन्हा कधी टोचलं नाहीत. टोचायला हवं होतं. तुम्ही डॉक्टर होतात, मी आई होते. मी घाबरणारच.

लग्न झालं. तुम्ही आलात, अक्षता टाकल्यात. मी तुमच्याकडे बघितलं आणि तुम्ही मांडवाच्या छताकडे. बबन झाला तेव्हा तुम्ही स्वतः पेढे वाटलेत, आणि मग दर सहा महिन्यांनी काहीतरी निमित्त काढून त्याला तपासत राहिलात. दात आले का बघू, वजन करू, टोचायला आणा. हिराला वाटायचं, डॉक्टरांचा केवढा जीव आहे पोरावर. होताच. तो खोटा होता असं मी कधीच म्हणणार नाही. त्याचा पहिला लाकडी घोडा तुम्हीच आणलात, आणि तो घोड्यावरून पडला तेव्हा तुमचाच चेहरा सगळ्यात आधी उतरला.

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी तुमचा पुतण्या पुण्याहून आला. चांगला आहे मुलगा, घाईचा आहे एवढंच. मायक्रोस्कोप, वजनाचा काटा आणि पुस्तकं गाडीत घातली. बरण्यांकडे बघून नाकाला रुमाल लावला आणि म्हणाला, "बाई, हे सगळं कुठेतरी पुरून टाका." मी मान हलवली. तुमच्या टेबलाच्या खणातलं झाड मात्र मी काढून घेतलं. घरी येऊन उलगडलं. गणूचा चौकोन काळा. हिराचा गोल, राघूचा चौकोन, मध्ये रेघ, आणि खाली बबन. बबनच्या चौकोनात पेन्सिलीच्या तिरक्या रेघा ओढलेल्या, आणि मग खोडरबराने पुसलेल्या. कागद तिथे खरवडला गेला आहे.

हे तुम्ही का पुसलंत? चुकलात असं वाटलं म्हणून, की मी कधीतरी बघेन म्हणून? दोन दिवस मी तो कागद उजेडाला धरधरून बघितला. तुमच्या स्वभावाचं काय म्हणावं, डॉक्टर. मेलेल्याच्या मेंदूतली केसाएवढी रेघ तुम्ही सोडत नव्हतात आणि जिवंत बाईशी एक वाक्य धड बोलत नव्हतात.

गणूची बरणी मी घेऊन आले. बाकीच्या पुरल्या, ती नाही पुरली. जुन्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवली.

आज सकाळी मी ठरवलं की आपणच बघायचं. राघू स्टेशनात ड्युटीवर होता. हिरा विहिरीवर गेलेली. अंगणात मी बबनला रेघ मारून दिली आणि चालायला लावलं. चालला, पण टाच टेकवेना. मग मूठभर चिंचोके टाकले, म्हटलं एकेक उचल बघू, जिंकलास तर गूळ. पहिले दोन उचलले. तिसऱ्याला बोट बाजूला पडलं, चौथ्यालाही. तो हसला, त्याला खेळ वाटला. मग मी म्हटलं, "पाय जुळव, डोळे मीट." त्याने मिटले. मी मनात मोजायला लागले आणि तो झुलला. अगदी थोडा. माझा हात आपोआप पुढे गेला.

मागे कळशी जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. हिरा कधीची उभी होती.

"आत्या," ती म्हणाली, "आमच्या गणूलाबी तुमी असंच उभं केलं व्हतं."

नऊ-दहा वर्षांची होती ती तेव्हा, दवाखान्याच्या दारात बसलेली. तिने पाहिलं होतं हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. मी म्हटलं, "बस." आणि मग सगळं सांगितलं. दार अडवल्यापासून ते विलायतेच्या पत्रापर्यंत, काही गाळलं नाही. भांडं मी धरलं हे सांगितलं. विचारू नका असं मीच म्हटलं, हेही सांगितलं. कंगव्याचंही सांगितलं. बबन हिराच्या पदराशी चिंचोक्यांची रांग लावत बसला होता.

"कुटं हाय त्यो?" तिने विचारलं.

मी ट्रंक उघडून दाखवलं. तिने बरणी हातात घेतली नाही, नुसती वाकून बघितली बराच वेळ. "बाबाला मी सांगन," म्हणाली. "तुमी नका सांगू. तुमाला जमायचं न्हाई." त्यात कडूपणा नव्हता. ती नुसतं कोण काय करू शकतं ते सांगत होती. उद्या ती कुसगावला जाणार आहे आणि बापलेक मिळून तो मेंदू गणूजवळ पुरणार आहेत. मला ये म्हणाली नाही. मी विचारलंही नाही.

मग मी म्हटलं, "हिरे, मला शिव्या तरी दे."

"दीन की," ती म्हणाली. "आज न्हाई. तवा मला सांगितलं असतं तर मी लगीन केलं असतं का न्हाई, ते मला ठावं न्हाई. पर तुमी सांगाया पायजे व्हतं." मग तिने बबनकडे न बघता विचारलं, "ह्याला तेच हाय का?"

"मला माहीत नाही."

"डाक्टर काय म्हनलं?"

"पुढच्या महिन्यात आणा म्हणाले."

तिला कळलं. तोंडावरून कळलं की तिला कळलं. ती उठली, कळशी आत नेऊन ठेवली, हात पुसले आणि परत दारात येऊन उभी राहिली.

"आत्या, देव करो आन् तसं न होवो. पर झालंच, तर तुमाला ह्याच्या आतलं बगायचं आसंल. पुडच्या कुनाच्या तरी पोरासाठी." मी तोंड उघडलं तर तिने हाताने थांबवलं. "मला इचारा. इचारलं तर मी व्हय म्हनन. पर इचारा. माझ्या मागनं पट्टी बांदू नका. त्याचं डोकं मी इंचरणार."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? तेव्हापासून मी इथे बसून तुमच्याशी भांडते आहे, डॉक्टर. सदूही हो म्हणाला असता का? वहिनी म्हणाली असती? आपण दोघं शहाणी माणसं, आपण परस्पर त्यांचं 'नाही' ठरवून टाकलं आणि बारा वर्षं त्या 'नाही'ला भीत राहिलो. आणि आज ज्या बाईचं सगळ्यात जास्त जाणार आहे, तिने न मागता हो दिलं. ते घ्यायला तुम्ही नाही. मायक्रोस्कोप पुण्याला गेला. काचा लावायला मला येतात, पण त्यात काय दिसतं ते सांगणारं आता इथे कोणी उरलेलं नाही. हिराला एवढंच सांगणं माझ्याने आज झालं नाही.